वाइनच्या बागेत पानं किती काढायची?

ऑक्टोबरची छाटणी उरकली की आपल्या दिंडोरी-निफाडकडं बागेच्या कामाला हाका सुरू होतात. खायच्या द्राक्षांत हात बसलेल्या बाईला वाइनची बाग सोपी वाटते. जीएचं डिपिंग नाही, मणी विरळायचे नाहीत. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या वर्षी आमच्या गटानं एक बाग उक्ती घेतली. घडाला ऊन हवं, एवढंच कानावर आलेलं. ओळीच्या दोन्ही बाजूंची पानं ओरबाडून मोकळ्या झालो. फेब्रुवारीत पश्चिमेकडचे घड भाजले, मणी सुरकुतले. मालकानं पैसे कापले. राग आला, पण चूक आमचीच होती.

कॅबरने किंवा शिराझचा मणी दाबून बघा, रस पांढराच निघतो. लाल रंग सगळा सालीत. म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा तिथूनच उतरतो. घड गच्च सावलीत राहिला तर साल फिकी राहते, रस जास्त आंबट लागतो, आणि कॅबरनेच्या वाइनला चक्क हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. शिवाय हवा खेळत नाही, दव वाळत नाही, मग भुरी आणि केवडा आलाच. उलट दुपारच्या उन्हात घड उघडा पडला तर मणी तापतो आणि सालीतला रंग मोडतो.

आणि साखर घडात तयार होत नाही बरं का. ती पानात शिजते, घडात नुसती साठते. त्यामुळं एका काडीवर १२ ते १५ निरोगी पानं राहायलाच हवीत. आत दडपलेली पिवळी पानं मात्र खुशाल काढा. वरच्या पानातून आरपार १० टक्केसुद्धा ऊन खाली जात नाही, ती बिचारी काय कमावणार?

ओळ दक्षिणोत्तर असेल तर घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडून काढायची. सकाळचं कोवळं ऊन मिळतं. पूर्व-पश्चिम ओळीत दक्षिणेची बाजू झाकलेली ठेवा, कारण हिवाळ्यात सूर्य तिकडून येतो. मणी ज्वारीएवढा असतानाच हे काम करायचं, म्हणजे सालीला उन्हाची सवय होते. मण्यात पाणी उतरल्यावर एकदम पानं काढली की साल करपते. बगलफुटी कोवळ्या असताना बोटानंच मोडा, पुढं कात्री लागते आणि दिवस जातो.

आता उक्तं ठरवायच्या आधी आम्ही ओळीची दिशा बघतो आणि मालकाकडून एक वेल करून दाखवून घेतो. काही मालक हसतात. हसू देत.