ओल्या कातडीचा माग

पाऊस पडून गेला, अंधार दाटला, की अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतात सॅलॅमँडर शोधणारे संशोधक बाहेर पडतात. कपाळावर दिवा, चाल अगदी सावकाश, नजर पायाशी: कुजका ओंडका, शेवाळलेला दगड, पानांचा भिजलेला थर.

सॅलॅमँडर दिसतो पालीसारखा, पण भाऊबंद बेडकाचा. आपल्या सह्याद्रीत बेडूक आहेत, बिनपायांचे देवगांडूळ आहेत, सॅलॅमँडर मात्र नाही. त्यासाठी दार्जिलिंगचे डोंगर गाठावे लागतात. स्मोकीत त्यांच्या सुमारे ३० जाती आहेत! त्यातल्या बहुतेकांना फुप्फुसंच नाहीत. श्वास चालतो तो कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडी सुकली की श्वास कोंडला. म्हणून दिवसा ते मातीत दडतात आणि ओल्या रात्री वर येतात, किडे टिपायला कधी झुडपांवरही चढतात. लाल गालांचा जॉर्डन सॅलॅमँडर तर या पर्वताखेरीज जगात कुठेच नाही. तिथलीच दुसरी एक जात त्याच्या लाल गालांची नक्कल करते, त्यामुळे जाणकारही क्षणभर थबकतो.

इतकं लपून राहणाऱ्या प्राण्याचं जंगलात वजन ते किती, असं वाटेल. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलाचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या सगळ्या सॅलॅमँडरांचं एकत्रित वजन ऐन विणीच्या हंगामातल्या पक्ष्यांच्या दुपटीहून जास्त भरलं. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. पायाखालच्या जंगलाकडे आपण किती कमी पाहतो, ते त्यातून कळतं.

जी कातडी श्वास घेते, तीच विषही शोषते. म्हणून अभ्यासाचा परवाना असला तरी कोरड्या किंवा डासांचं मलम लावलेल्या हातानं प्राणी उचलायचा नाही. बुटांचीही काळजी घ्यावी लागते. नेदरलँड्समधल्या सॅलॅमँडरांचा फडशा पाडणारी, कातडी खाणारी बुरशी २०१३ साली ओळखली गेली. ती चिखलातून पसरू शकते, म्हणून एका ओढ्यावरून दुसऱ्याकडे जाताना बूट घासून निर्जंतुक करतात.

मोजमाप उरकलं की उचललेला दगड आधी होता तसा, त्याच खाचेत बसवायचा. मग प्राणी त्याच्या कडेला सोडायचा, म्हणजे तो चिरडला जात नाही. तो आपली वाट काढत आपणच आत शिरतो.