दुकानदारांची खाण आणि रुप्याची टेकडी

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातून शनिवारी पहाटे मोटारीने निघाले, की सुमारे 160 किलोमीटरवर बर्रा हे गाव लागते. 1845 मध्ये येथे तांबे सापडले. सरकारची अट कठीण होती: सलग वीस हजार एकर जमीन घ्यायची आणि वीस हजार पौंड रोख मोजायचे. शहरातील दुकानदारांचा एक गट आणि धनिकांचा दुसरा, दोघांनाही ती हवी होती. एकमेकांवर विश्वास नव्हता, परंतु एकट्याने रक्कम उभी राहीना. अखेर दोघांनी मिळून जमीन घेतली आणि लगेच चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. उत्तरेचा भाग दुकानदारांना मिळाला. तांबे नेमके तेथेच निघाले आणि पाच पौंडांच्या भागाने पुढे अनेक पटींनी लाभांश दिला. धनिकांच्या दक्षिण भागात फारसे काही हाती लागले नाही. खाणीतील अनेक मजूर मात्र ओढ्याच्या काठात कोरलेल्या बिळांत सहकुटुंब राहत होते. ती बिळे आजही पाहता येतात. लाभांशाच्या कथेइतकीच तीही पाहण्याजोगी आहेत.

बर्राच्या पुढे वस्ती विरळ होत जाते. पेट्रोल आणि पाणी मिळेल तेथे भरून घ्यावे, शिदोरी बरोबर असावी आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात.

ॲडलेडपासून पाचशेहून अधिक किलोमीटरवर ब्रोकन हिल येते. हे शहर न्यू साउथ वेल्स राज्यातले, पण त्याचे घड्याळ ॲडलेडचे. 1888 मध्ये आगगाडी आली ती ॲडलेडच्या बाजूने; सिडनीशी लोहमार्ग जोडला जाण्यास 1927 साल उजाडले. व्यापार जिकडे, वेळही तिकडचीच!

1883 मध्ये चार्ल्स रास्प या कुंपणाच्या राखणदाराला येथील टेकडीत कथील असल्याचा भास झाला. सात जणांनी प्रत्येकी सत्तर पौंड घालून भागीदारी केली. सुरुवातीच्या तपासणीत निराशा झाली आणि काहींनी आपले हिस्से विकले. 1885 पर्यंत रुप्याचा साठा उघड झाला, कंपनी स्थापन झाली. आजची बीएचपी ती हीच. गावातील रस्त्यांची नावे अर्जेंट, क्लोराइड, सल्फाइड अशी आहेत.

रस्त्यांच्या वर, खाणीच्या मातीच्या ढिगावर, येथे मृत्यू पावलेल्या आठशेहून अधिक खाणकामगारांचे स्मारक आहे. नावांबरोबर मृत्यूचे कारणही कोरलेले आहे. पस्तीस तासांचा आठवडा येथील कामगारांना मिळाला तो 1919-20 मधील सुमारे अठरा महिन्यांच्या संपानंतर. जमाखर्चाची ही बाजू कंपनीच्या ताळेबंदात शोधून सापडायची नाही.

भट्ट्या आणि खाणींसाठी झाडे तुटली, उरलेले जनावरांनी खाल्ले आणि धुळीने गाव गाडले जाऊ लागले. खाणीत धातूंची परीक्षा करणारे ॲल्बर्ट मॉरिस यांना वनस्पतींचा छंद होता. 1936 पासून त्यांच्या आग्रहाने गावाभोवतीची पट्टी कुंपण घालून जनावरांपासून राखण्यात आली. पाऊस पडला आणि मातीत दडलेल्या बियांतून स्थानिक झुडपे आपोआप उगवली. मॉरिस 1939 मध्ये वारले; हिरवा पट्टा आजही आहे.

रविवारी सकाळी पंचवीस किलोमीटरवरील सिल्व्हरटनला जावे. एकेकाळी येथे सुमारे तीन हजार लोक राहत. ब्रोकन हिलला रुपे निघताच माणसे तिकडे गेली आणि काही घरेही उचलून नेण्यात आली. गावापुढे मुंडी मुंडीचे मैदान आहे. तेथे वाऱ्याखेरीज आवाज नसतो. परतीचा रस्ता लांबचा आहे, म्हणून सोमवारची सुट्टी जोडून घेतलेली बरी.