विमानाने तांदूळ नेताय? पिशवीत सेल्फॉसची गोळी नको

नवा चिन्नोर निघाला की भंडारा जिल्ह्यातून पुण्या-बंगळूरच्या मुलांकडे तांदूळ जातो. हल्ली नागपूरहून विमानानेही. तांदळाला बंदी नाही. धोका आहे तो सोंडे लागू नयेत म्हणून पिशवीत टाकलेल्या गोळीचा.

सेल्फॉस म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतला ओलावा लागताच त्यातून फॉस्फीन हा जीवघेणा, पेट घेणारा वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून सुमारे 1 ग्रॅम. फडक्यात पुरचुंडी बांधली तरी वायू अडत नाही. हवाई वाहतुकीत हे कीटकनाशक विषारी मालाच्या 6.1 वर्गात (यूएन 3048) येते. प्रवाशाला ते हातातल्या किंवा चेक-इनच्या, कोणत्याच सामानात नेता येत नाही. कुरिअरचे पार्सलही अनेकदा विमानानेच जाते, तेव्हा वर नुसते ‘तांदूळ’ लिहून आत गोळी ठेवणे तितकेच घातक.

खरे तर ही गोळी घरात यायलाच नको. तिची विक्री सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांपुरतीच आहे.

तांदूळ सावलीत वाळवून, चाळून हवाबंद पिशवीत भरावा. कोठीत आधीच गोळी टाकली असेल, तर तो तांदूळ सोबत देऊ नका. गोळीच्या राखेतही विष शिल्लक असू शकते.