माउथ ऑर्गनवर ब्लूजचा श्रीगणेशा

मराठी घराला पेटीची ओळख करून द्यावी लागत नाही. आरती, भजन, नाट्यगीत यांपैकी कशालाही पेटीवाचून शोभा नाही, अशीच आपली समजूत असते. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यापायी जी मराठी कुटुंबे भोपाळला येऊन गोविंदपुरा, बरखेडा, पिपलानी येथील वसाहतींत स्थिरावली, त्यांच्याही कानाला तो सूर परका नाही. परंतु या पेटीचे एक धाकटे भावंड खिशात मावते आणि ते पुष्कळदा खेळणे म्हणून मुलांच्या हाती पडते. दोन दिवस पीं-पीं करून ते कपाटात जाते. त्याचे नाव माउथ ऑर्गन. हे खेळणे नव्हे, एवढेच नव्हे तर थोरल्या पेटीला जे साधत नाही ते याला साधते, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

दोहोंचे मर्म एकच. धातूची पातळ पट्टी, म्हणजे रीड, एका टोकाला जखडलेली असते आणि वारा लागताच थरथरून नाद करते. पेटीत हा वारा भात्याचा, माउथ ऑर्गनमध्ये आपल्या फुफ्फुसांचा. पेटीवरचा जुना आक्षेप ठाऊकच आहे. तिच्यावर मींड निघत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. याच कारणास्तव १९४० साली नभोवाणीने पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले आणि १९७१ सालापर्यंत ती बंदी शिथिल झाली नाही. माउथ ऑर्गनवर मात्र मींड निघते, आणि ती काढून दाखविली अमेरिकेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी.

जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ साली माउथ ऑर्गन बनविण्यास आरंभ केला. वाद्य स्वस्त असल्याने ते लवकरच अमेरिकेत पोहोचले. तेथे १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण कापसाच्या शेतातील राबणूक संपली नव्हती. त्या राबणुकीतून, दुःखातून आणि थट्टेतूनही जे गाणे जन्मले ते ब्लूज. वऱ्हाडच्या माणसाला कापूस वेचणीचे कष्ट सांगावयास नकोत, आणि जात्यावरची ओवी ऐकलेल्या माणसाला श्रमाच्या गाण्याचा गोडवाही सांगावयास नको. सनी टेरी हा अंध वादक आणि लिट्ल वॉल्टर (१९३०–१९६८) ही या परंपरेतील मोठी नावे. लिट्ल वॉल्टरची ‘जूक’ ही १९५२ सालची ध्वनिमुद्रिका नवशिक्याने अवश्य ऐकावी. आपल्याकडे ‘सोलवा साल’ (१९५८) व ‘दोस्ती’ (१९६४) या चित्रपटांत राहुलदेव बर्मन यांनी आणि ‘शोले’त (१९७५) भानू गुप्ता यांनी वाजविलेला माउथ ऑर्गन घरोघरी पोहोचला. तो गोड आहे, पण तो ब्लूज नव्हे.

खरेदी करतानाच पहिली सावधगिरी हवी. दुकानात बहुधा दोन ओळींच्या छिद्रांचा, थरथरत्या आवाजाचा माउथ ऑर्गन पुढे केला जातो. त्यात प्रत्येक स्वराला दोन रीड असतात. भावगीताला तो बरा, परंतु त्यावर स्वर नीटसा वाकत नाही. ब्लूजसाठी एका ओळीत दहा छिद्रे असलेला डायाटॉनिक माउथ ऑर्गन घ्यावा. तो पांढरी एक पट्टीचा, म्हणजे ‘सी’चा असावा. शिकण्याची बहुतेक पुस्तके हाच हाती धरून लिहिलेली असतात.

तो डाव्या हाती, मंद्र स्वर डावीकडे येतील असा धरावा. शीळ घालताना होतो तसा ओठांचा चंबू करून एकाच छिद्रात श्वास जाऊ द्यावा. आरंभी दोन-तीन स्वर एकत्र निघतील, त्याने हिरमुसू नये. सरळ सप्तक चौथ्या छिद्रापासून लागते. चौथे फुंकून सा, ओढून रे. पाचवे फुंकून ग, ओढून म. सहावे फुंकून प, ओढून ध. सातव्यात क्रम उलटतो, तेथे ओढून नि आणि फुंकून तार सा. या सातव्यापाशी प्रत्येक नवशिका अडखळतो.

येथवर जर्मन कारागिराच्या मनातले वाद्य झाले. ब्लूज वाजविणाऱ्यांनी त्याला उलटे केले. फुंकण्याऐवजी ओढण्यावर भर दिला आणि पांढरी एकच्या वाद्यावर पांढरी पाच हा षड्ज मानला. दुसरे छिद्र ओढले की सा, तिसरे ओढून ग, चौथे फुंकून म व ओढून प, पाचवे फुंकून ध व ओढून कोमल नी, सहावे फुंकून तार सा. शुद्ध गांधार आणि कोमल निषाद, म्हणजे हा आपला खमाज थाटच! रिषभ तेवढा मध्ये सापडत नाही. पण खमाज रागाच्या आरोहातही तो वर्ज्यच असतो, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

आता मींड. प्रत्येक छिद्रात दोन रीड असतात, एक फुंकण्याची आणि एक ओढण्याची. पहिल्या सहा छिद्रांत ओढण्याची रीड उंच स्वराची असते. ओढता ओढता जीभ मागे घेऊन तोंडातील पोकळी मोठी केली, जणू ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’ म्हटले, तर खालच्या स्वराची रीडही जागी होते आणि नाद खाली ओघळतो. चौथ्या छिद्रावर तो अर्धा स्वर उतरतो. तिसऱ्यावर तर दीड स्वरापर्यंत उतरतो. हरवलेला रिषभही तेथेच गवसतो. भात्याला तोंड नाही, म्हणून पेटीला हे जमत नाही. अभ्यास चौथ्यापासून करावा. जोर लावू नये, जोराने रीड बिघडते आणि स्वर मुळीच वाकत नाही.

ब्लूजचा गांधार नेमका कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, तो दोहोंच्या मध्ये कोठेतरी हेलकावे घेतो. दरबारीतील आंदोलित गांधार ज्याच्या कानात बसला आहे, त्याला हे समजावयास वेळ लागणार नाही. हा गांधार तिसऱ्या छिद्रात आहे आणि त्यावर महिने घालवावे लागतात. ज्याला उतावीळ आहे, त्याने दुसरे वाद्य पाहावे.

ब्लूजचा साचा बारा आवर्तनांचा, आवर्तन चार मात्रांचे. चार आवर्तने सा, दोन म, दोन सा, मग एक प, एक म आणि शेवटी दोन सा. पहिली चार छिद्रे एकत्र ओढली की सा-चा स्वरमेळ निघतो, फुंकली की म-चा. प-साठी चौथे छिद्र एकटे ओढावे.

तोवर रोजच्या सरावाला आगगाडी हवी. खालची तीन छिद्रे एकत्र धरून दोनदा ओढावे, दोनदा फुंकावे, आधी सावकाश आणि मग वेग वाढवीत. जुने वादक आगगाडीची हुबेहूब नक्कल करीत. आपल्याला तर राणी कमलापती स्थानक (२०२१ पर्यंत हबीबगंज) काही दूर नाही. गाडी सुटताना कान देऊन ऐकावी. श्वास पोटातून घ्यावा, गाल फुगवू नयेत, भोवळ वाटल्यास थांबावे. जेवून लगेच वाजवू नये, आधी चूळ भरावी. वाजवून झाल्यावर छिद्रे खाली करून तळहातावर हलकेच आपटावे, म्हणजे ओल निघून जाते. दुसऱ्याचा माउथ ऑर्गन तोंडाला लावू नये, मग तो सख्ख्या भावाचा का असेना.

एक तक्रार मात्र हटकून येते. दुसरे छिद्र ओढले असता वाजतच नाही, किंवा घशात अडकल्यासारखे वाजते, म्हणून वाद्य परत करावयास मुले दुकानाची वाट धरतात. दोष बहुधा वाद्यात नसतो. जबडा सैल सोडून, निजताना घेतो तसा संथ श्वास आत घेऊन पाहावा.