घर नव्याने लावताना

बल्लारपूर मागे टाकून वर्धा नदी ओलांडली, की राजुरा तालुक्याचा मुलूख लागतो. वैशाखात येथे पारा कधी कधी 47 अंशांपर्यंत चढतो. पौषात पहाटे शेकोटीवाचून बसवत नाही. या हवेला तोंड देण्यासाठी येथील जुनी घरे बांधली गेली. भिंती मातीच्या, दीड हात जाड. खांब सागवानाचे आणि छप्पर कवेलूंचे. उन्हाची उष्णता अशा भिंतीतून इतकी सावकाश आत शिरते, की ती पोहोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो.

जाड भिंतीचा आणखी एक उपयोग असे. तिच्या पोटात कोनाडे आणि फडताळे काढता येत. कोनाड्यात दिवा, फडताळात पोथ्या व वह्या, माळ्यावर सणावाराची भांडी, खुंटीवर अंगरखा आणि कोपऱ्यात बांबूच्या ढोलीत वर्षाची ज्वारी. अशा घरात निराळे कपाट कशाला हवे? सारे घर हेच एक कपाट असे!

पुढे सास्तीच्या परिसरात कोळशाच्या खाणी निघाल्या, गडचांदुरास सिमेंटचे कारखाने उभे राहिले, आणि विटा-सिमेंटची घरे वाढली. त्यांच्या भिंती पातळ, छत सपाट, आणि कोनाडा औषधालाही नाही. सहा माणसांचे कुटुंब दोन खोल्यांच्या सदनिकेत राहावयास येते, तेव्हा खरी अडचण सुरू होते. सामानाला जागा मिळाली नाही, की ते माणसांची जागा घेते. पहिल्याने आजीची बाज बाहेरच्या ओट्यावर जाते. मग मुलांचा अभ्यासाचा कोपरा पेट्यांखाली गडप होतो.

अशी सदनिका नव्याने लावताना गवंड्याला बोलावण्यापूर्वी सामानाची वाटणी करावी. रोज लागणारे, महिन्याने लागणारे आणि वर्षातून एकदा लागणारे असे तीन ढीग केले, की कशाला किती जागा हवी हे आपोआप कळते. पुष्कळदा चौथा ढीगही निघतो; तो मोडीत देण्याचा!

पश्चिमेची भिंत दुपारभर तापते. तिला लागून जमिनीपासून छतापर्यंत कपाट करावे आणि त्यात गोधड्या व कपडे ठेवावेत. कापसात आणि घड्यांत हवा कोंडलेली असते. तिच्यातून उष्णता लवकर पार होत नाही. म्हणून उन्हाळ्यात खोली कमी तापते आणि थंडीत आतली ऊब लवकर निघून जात नाही. जुन्या जाड भिंतीचे काम अशा रीतीने थोडेफार कपाटच करू लागते. जागाही फुकट जात नाही. मात्र नवे कोनाडे काढण्यासाठी पातळ भिंत किंवा खांब कोरू नये. छताचा भार त्यांच्यावर असतो.

दाराच्या उंचीवर माळा घालावा. छताखालची हवा अधिक तापते, म्हणून तेथे तेल व लोणची न ठेवता मोठी भांडी ठेवावीत. धान्याची कोठी लाकडी चौरंगावर, भिंतीपासून वीतभर दूर असावी, म्हणजे ओल लागत नाही. पलंगाखाली खण केले, तर अंथरुणे तेथे मावतात आणि आजीची बाज पुन्हा खिडकीजवळ येते. भिंतींना पांढऱ्याभक्क रंगापेक्षा फिकट पिवळा किंवा गेरूच्या छटेचा रंग दिला, तर लहान खोलीही आपलीशी वाटते.

फळ्या नव्याच आणाव्यात असे नाही. या वनप्रदेशाचे सागवान नामांकित आहे. 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी ते बल्लारपुराहून गेले. सागाच्या गाभ्यातील तेलामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही. असे असूनही, जुने घर पाडले, की त्याची दारे पुष्कळदा सरपणाच्या भावाने विकली जातात. अशी एखादी फळी सुताराने रंधून काढली, तर वरची काजळी जाऊन आतला पिवळसर तांबूस रंग वर येतो आणि ताज्या लाकडाचा वास खोलीभर पसरतो.