होकायंत्राची सुई कधी फसवते? पोरांना करून दाखवा

जीपीएस बंद पडलं की नाखव्याला आठवतं ते होकायंत्र. पण त्याची सुईही फसवू शकते. हे घरच्या पोरांना आत्ताच कळू द्या.

प्लास्टिकच्या वाडग्यात पाणी घ्या. चुंबकाचं एकच टोक शिवणाच्या सुईवरून एकाच दिशेने ३०-४० वेळा घासा. सुई थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून पाण्यात सोडा. ती उत्तर-दक्षिण थांबते, कारण पृथ्वी स्वतःच मोठं चुंबक आहे. आता मोबाईल अगदी जवळ न्या. सुई हलते!

हीच अडचण कुलाबा वेधशाळेपुढे आली होती. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये आपल्या अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, तीही लोखंड टाळून. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. उज्जैनलाही या संस्थेने अशा नोंदी घेतल्या आहेत.

तेव्हा केबिनमध्ये होकायंत्राजवळ स्पीकर, मोबाईल, पाने ठेवू नका. १ ऑगस्टला बोटी सुटण्याआधी किनाऱ्यावरच्या ओळखीच्या खुणांशी सुई ताडून बघा. पोरांनाही सोबत घ्या.