एक्स-रे ‘नॉर्मल’ आला, तरी पाय टेकवत नाही? उभं राहून काढलाय का, ते आधी विचारा

दुचाकी घसरून पाय गाडीखाली मुडपतो. बांधावरून उतरताना पाऊल खड्ड्यात जातं. कधी बैलाचा खूर पायावर पडतो. गावाकडे हे प्रकार नेहमीचेच. पाय सुजतो, तालुक्याला जाऊन एक्स-रे काढला जातो आणि ‘हाड मोडलेलं नाही, लचक आहे’ असं कळतं. मग घरी शेक आणि मालिश सुरू होते. पण काहींना महिना उलटला तरी पाय टेकवत नाही. अशा वेळी दुखापत पावलाच्या मधल्या भागात असू शकते आणि ती पहिल्या एक्स-रेत दिसलेलीच नसते.

नेमकं काय बिघडतं?

एका पावलात २६ हाडं असतात. बोटांकडे जाणारी पाच लांब हाडं मागच्या छोट्या हाडांना जिथे मिळतात, त्या जोडाला ‘लिसफ्रँक सांधा’ म्हणतात. फ्रेंच सर्जन झाक लिसफ्रँक यांच्यावरून हे नाव पडलं. पावलाची कमान या सांध्यावर तोललेली असते. दुसऱ्या बोटाचं लांब हाड सुताराने खाचेत ठोकलेल्या लाकडासारखं मागच्या हाडांत बसतं आणि दोरीसारखा मजबूत लिगामेंट त्याला धरून ठेवतो. हा लिगामेंट तुटला किंवा तिथलं हाड मोडलं, की हाडं जागेवरून सरकू लागतात.

एक्स-रेत का सुटतं?

झोपून काढलेल्या एक्स-रेत पायावर वजन नसतं. त्यामुळे सैल झालेली हाडंही जागेवरच दिसतात. माणूस उभा राहिला, की फट उघडते. अशा पाचांतली साधारण एक दुखापत पहिल्या तपासणीत निसटते, असं वैद्यकीय लेखनात नेहमी सांगितलं जातं.

म्हणून दोन्ही पायांवर वजन देऊन, उभं राहून एक्स-रे काढतात. समोरून, तिरका आणि बाजूने अशा तीन बाजू बघतात. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडातली फट २ मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा चांगल्या पायापेक्षा रुंद दिसली, तर संशय बळावतो. त्या फटीत हाडाचा बारीक तुकडा दिसला, तर लिगामेंटने हाड उपटलंय असं समजतात.

दुखण्यामुळे उभंच राहता येत नसेल, तर पायाला आधार बांधून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा सीटी स्कॅन करतात. बारीक मोड सीटीत दिसते, तर लिगामेंटची इजा एमआरआयमध्ये कळते. प्रत्येकाला या महागड्या तपासण्या लागतातच असं नाही.

ही लक्षणं असतील तर थांबू नका

– तळव्यावर काळा-निळा डाग
– पावलाच्या मधोमध दाबलं की कळ
– चार पावलंही चालता न येणं
– टाच उचलून चवड्यावर उभं राहताना दुखणं

सूज ताठ होऊन दुखणं वाढतच गेलं, बोटं बधिर किंवा गार पडली, किंवा जखम उघडी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शुगर असलेल्यांनी जास्त जपावं. पाय बधिर असल्याने दुखत नाही, पण पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असतं. एक्स-रे साफ आला तरी अशा पायावर वजन टाकू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं.

उशीर केला तर?

हाडं जागेवर असतील, तर साधारण सहा आठवडे प्लास्टर किंवा खास बूट घालून, वजन न टाकता भागू शकतं. सरकली असतील, तर बहुतेक वेळा ऑपरेशन करून स्क्रू किंवा प्लेट बसवावी लागते. दुर्लक्ष झालं, तर कमान बसते आणि सांधा झिजतो. ज्याचं पोट दिवसभर शेतात उभं राहण्यावर आहे, त्याला ही दुखणी जन्माची पुरतात. तपासणी होईपर्यंत मालिश करू नका, पाय ओढून ‘बसवून’ घेऊ नका.

हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना जुना एक्स-रे सोबत न्या आणि सरळ विचारा : “हा झोपून काढलाय. दोन्ही पायांचा उभा एक्स-रे लागेल का?”